उज्ज्वलाचा लॅपटॉप आणि डीपीवरचे बारा पंप

उज्ज्वलाचा फोन आला तेव्हा मी एका मास्तरांच्या कीबोर्डमधून चहा काढत होते. सकाळचे सव्वादहा वाजले होते.

“ताई, लॅपटॉपला फिट आल्यासारखं होतंय. स्क्रीन उजेड करतीय, अंधार करतीय, परत उजेड. पायाखालचं पेडल चालंना. माझं सेशन चालूय. काय करू?”

मी धीर देण्याच्या सुरात काहीतरी बोलले. नेमकं काय ते आठवत नाही, पण त्यात उपयोगाचं काही नव्हतं. तेवढ्यात तीच म्हणाली, “थांबा, मी पिनच काढून टाकते,” आणि फोन ठेवला.

चार्जरची पिन काढणं हा त्या दिवसातला सगळ्यात शहाणपणाचा तांत्रिक निर्णय होता आणि तो माझा नव्हता.

मी नारायणगावात लॅपटॉप दुरुस्त करते. या धंद्यात एकवीस वर्षं गेली. दुकान पारसशेठचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून इथे कापड विकायला आले, वडिलांनी रेडिओ-टीव्ही विकले, आणि शेठ स्वतः सोल्युशन विकतात. मी माउस बदलला तरी बिलावर सोल्युशन लिहिलेलं असतं. माणूस चांगला आहे. फक्त साध्या गोष्टीला साधं नाव दिलं की त्यांना अपुरं वाटतं.

उज्ज्वला खोडदची. गावठाणातली नाही, रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेनांच्या पलीकडे मळ्यात राहणारी. नवरा चाकणला कंपनीत, शनिवारी संध्याकाळी येतो. घरी ती आणि सासरे, ज्यांना सगळी वस्ती नाना म्हणते. लग्नाआधी तिने नर्सिंगचा कोर्स केला होता. त्या जोरावर तिला घरबसल्या काम मिळालं. डॉक्टर पेशंट तपासून झाल्यावर जे बोलून ठेवतात ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं. हात टायपिंगला लागतात, म्हणून आवाज थांबवायला आणि मागे न्यायला पायाखाली एक पेडल असतं. शिलाई मशीनवर बसलेल्या बाईला ते शिकवावं लागत नाही.

काम देणारी कंपनी पुण्याची. सेशन सकाळी नऊ ते एक. या चार तासांत लॅपटॉप बंद पडला किंवा झोपला, तर कंपनीच्या दप्तरी ‘खंड’ अशी नोंद होते. तिमाहीत तीन खंड झाले की नाव यादीतून कमी. उज्ज्वलाचे दोन झाले होते आणि तिमाही संपायला सहा आठवडे बाकी होते.

दोन्ही खंड लाईटमुळेच. इथे आम्ही विजेला लाईट म्हणतो. दिवा लागो वा पंप चालो, लाईटच. मळ्यातली लाईट रोज तास-दोन तास जाते. इन्व्हर्टर घरात होता, पण मळ्यावर व्होल्टेज इतकं कमी असतं की तो नीट चार्जच होत नाही. म्हणून लाईट गेली की उज्ज्वला बॅटरीवर काम करायची. लॅपटॉपची बॅटरी मीच नवीन घालून दिली होती. नेहमीसारखा वापर केला तर ती सव्वा तास चालायची, काटकसरीने वापरली तर अडीच-पावणेतीन तास.

पण काटकसर तिला हाताने करावी लागायची. स्क्रीनचा उजेड कमी करा, मागे गुपचूप चालणारं बॅकअप थांबवा, अपडेट थांबवा, प्रोसेसरला आवरा. लाईट आली की सगळं उलटं. कानात एखादा सर्जन घाईघाईने पित्ताशयाबद्दल बोलत असताना हे लक्षात ठेवायचं. पहिल्या खंडाच्या दिवशी ती काटकसर करायला विसरली आणि बॅटरी संपली. दुसऱ्या दिवशी काटकसर केली, पण लाईट आल्यावर काढायला विसरली. न कळलेलं औषधाचं नाव वहीत शोधत होती, तेवढ्यात बिनकामाचा दिसतोय म्हणून लॅपटॉप झोपून गेला.

त्यानंतर ती दुकानात आली. लॅपटॉप काउंटरवर ठेवून म्हणाली, “ताई, याला स्वतःचं स्वतःला कळलं पाहिजे. लाईट गेली, आली. मला काही करायला लागू नये.”

मागणी रास्त होती आणि काम अवघड नव्हतं. प्लग निघाला की लॅपटॉपला ते कळतं. तो आपल्या रोजनिशीत तशी नोंद करतो. या रोजनिशीला इव्हेंट लॉग म्हणतात. विंडोजमध्ये टास्क शेड्युलर नावाची सोय असते. तिला सांगून ठेवायचं की अशी नोंद झाली की ही स्क्रिप्ट चालव. स्क्रिप्ट म्हणजे लॅपटॉपला लिहून दिलेली कामांची चिठ्ठी. मी बारा ओळींची चिठ्ठी लिहिली. चार्जरवर असशील तर सगळं जोरात, बॅटरीवर असशील तर ही काटकसर, आणि झोपायचं मात्र कधीच नाही.

दुकानात वीसेक वेळा प्लग काढला, घातला. प्रत्येक वेळी स्क्रीन शहाण्यासारखी मंद व्हायची, उजळायची. पारसशेठ बघत उभे होते.

“हे म्हणजे ऊर्जा कवच झालं,” ते म्हणाले.

“बारा ओळी आहेत, शेठ.”

“ओळी कोण मोजतंय? आपण हे लाँच करू.”

सोमवारी दुपारी मी खोडदला जाऊन ते बसवलं. तिथेही प्लग काढून दाखवला, घालून दाखवला. उज्ज्वलाने चहा केला. परतीच्या जीपमध्ये मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. गुरुवारी तो फोन आला.

त्या गुरुवारी उज्ज्वलाने पिन काढून उरलेलं सेशन बॅटरीवर रेटलं. वाचली, पण एक वाजता बॅटरी दोन टक्क्यांवर होती. दुपारी तिने मला फोनवर एवढंच सांगितलं की अजून एकदा असं झालं तर काम गेलं. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी खोडदला पोचले. तिचं सेशन चालू होतं. तिने हाताने स्टुलाकडे खूण केली आणि टायपिंग चालू ठेवलं. मी तिच्या लॅपटॉपची आदल्या दिवशीची रोजनिशी पेनड्राइव्हवर घेतली आणि बाजूला बसून माझ्या लॅपटॉपवर उघडली. दहा ते दहा-सतरा या वेळात चार्जर आला, गेला, आला, गेला अशा त्रेचाळीस नोंदी. प्रत्येक नोंदीला माझी स्क्रिप्ट इमानदारीने धावली होती. प्रत्येक बदलानंतर पेडल पुन्हा ओळखायला लॅपटॉपला सात-आठ सेकंद लागतात. एकदा झालं तर कोणाला कळतही नाही. सतरा मिनिटांत त्रेचाळीस वेळा झालं तर पेडल असून नसल्यासारखं. वर दर वेळी बॅकअप नव्याने सुरू होत होतं.

मी चार्जर तपासला. पिन हलवून पाहिली. ड्रायव्हर, म्हणजे एकेक सुटा भाग चालवणारे प्रोग्राम, पाहिले. एकवीस वर्षांच्या अनुभवाने माणूस संशय घ्यायला शिकतो, फक्त चुकीच्या वस्तूंचा.

दहा वाजले आणि टेबलाखाली टक्, टक् आवाज सुरू झाला. तिथे टीव्हीचा जुना स्टॅबिलायझर होता. लॅपटॉपला धक्का बसू नये म्हणून उज्ज्वलाच्या नवऱ्याने चार्जर त्यातून घेतला होता. व्होल्टेज फार खाली गेलं की तो पुरवठा तोडायचा, वर आलं की जोडायचा. इकडे स्क्रीन मंद, उजळ, मंद. उज्ज्वलाचा पाय पेडलवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन पहिलं काम केलं ते म्हणजे स्वतःचीच स्क्रिप्ट बंद केली. स्क्रीन स्थिर झाली, पेडल परत आलं. माझी सेवा काढून घेतल्याबरोबर गिऱ्हाइकाला आराम पडला.

मी ओसरीवर येऊन बसले. आदल्या दिवशी दहाला काय झालं हे मी रोजनिशीला विचारत होते. घरात विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. नाना मळ्यातून पाय धुवायला आले होते. सत्तरीचे, अंगाने काटक. माझं तोंड बघून म्हणाले, “काय झालं बाई?”

मी सांगितलं. लाईट सारखी येते-जाते आणि माझा प्रोग्राम गोंधळतो.

“येत-जात न्हाई,” नाना म्हणाले. “धाला थ्री फेज आली. पंप चालू व्हायलेत.”

मळ्याला दोन प्रकारची लाईट मिळते. घरातल्या दिव्या-पंख्यापुरती साधी, आणि पंपासाठी ठरावीक तास थ्री फेज. हे तास कधी दिवसा असतात, कधी रात्री, आठवड्याच्या वारांप्रमाणे. मी सोमवारी आले तेव्हा थ्री फेज रात्रीची होती. गुरुवारी सकाळची सुरू झाली. प्रत्येक पंपाला ऑटो असतो, म्हणजे थ्री फेज आली की पंप आपोआप सुरू करणारी पेटी. एका डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर, दहा-बारा पंप. मोठा पंप सुरू होताना क्षणभर सगळ्यांची लाईट ओढून घेतो.

हे सगळं मला माहीत होतं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यात, तेही मळ्यातलं. वडिलांच्या विहिरीवर असाच ऑटो होता. पण नारायणगावच्या दुकानात लाईट असते तेव्हा असते, नसते तेव्हा नसते. मी तिथे प्लग काढून चाचणी घेतली आणि लाईट अशीच वागते असं धरून चालले. लहानपणी जिला रोज बघितलं तिलाच विसरले.

“तुमच्या यंत्राला लई घाई झालीय,” नाना म्हणाले. “चला, दाखवतो.”

विहिरीवर त्यांनी पंपाची पेटी उघडली. आत एक छोटं बटण, भोवती मिनिटांचे आकडे. काटा सहावर होता.

नाना सांगू लागले. ऑटो नवे आले तेव्हा थ्री फेज आली की बाराच्या बारा पंप एकदम उठायचे आणि डीपीचा फ्यूज उडायचा. रोज उडायचा. कोणाच्या ऑटोने उडाला यावरून भांडणं. शेवटी बाराजण देवळापुढे बसले आणि नंबर ठरवले. पहिला पंप दुसऱ्या मिनिटाला, मग एकेका मिनिटाने पुढचा. पहिला नंबर कौसाबाईंचा, कारण त्यांचं शेत टोकाला आणि पाणी पोचायला वेळ लागतो. नानांचा पंप सहाव्या मिनिटाला.

“आणि पहिलं मिनिट?” मी विचारलं.

“पहिलं कोणाचंच न्हाई. लाईट आली म्हंजी आली न्हाई, बाई. ती आधी पाय टाकून बघती. टिकली तर आली म्हणायची. मंग एकेकानं उठायचं.”

“आणि जाताना? जातानाही थांबता?”

एवढं शिकून काय केलं, अशा नजरेने नानांनी माझ्याकडे पाहिलं. “जाताना कशापायी थांबायचं? फेज गेला की मोटर तवाच सोडायची. न्हाई सोडली तर जळती.”

पाटाच्या कडेने परत येताना मला लाज आणि आनंद एकदमच वाटत होता. याला आमच्या धंद्यात डिबाउन्स म्हणतात. बटण एकदा दाबलं तरी त्याचा पत्रा आत दोन-चारदा थरथरतो, म्हणून यंत्राने थोडं थांबून खातरजमा करायची. हे मी पुस्तकात वाचलंय, त्याखाली पेन्सिलने रेघही मारलीय. पण वाचलेलं असणं आणि वेळेला सुचणं यात खोडदची एक विहीर होती. शिवाय जाताना लगेच आणि येताना थांबून, हा फरक त्या पुस्तकात निदान माझ्या रेघेखाली तरी नव्हता.

ओसरीवर बसून मी चिठ्ठी बदलली. लाईट गेली की त्याच क्षणी काटकसर. लाईट आली की काहीच करायचं नाही. सलग दहा मिनिटं टिकली तर मग जोरात. मध्ये एकदा जरी तुटली तरी दहा मिनिटं पहिल्यापासून मोजायची. बाराच्या सतरा ओळी झाल्या.

नाना मागे उभं राहून बघत होते. मी त्यांना त्रेचाळीस नोंदींची यादी दाखवली. त्यांनी वेळा वाचायला लावल्या. दहा वाजून शून्य मिनिटं, चार सेकंद. दहा वाजून शून्य मिनिटं, अकरा सेकंद.

“थांब,” ते म्हणाले. “पहिल्या मिंटात दोन हिसके?”

“हो.”

“मला ह्ये कागदावर काढून दे.”

कशाला, ते सांगितलं नाही. मी दुकानात गेल्यावर प्रिंट काढून ठेवली.

शनिवारी खरी परीक्षा होती. पारसशेठही यायचं म्हणाले. त्यांना व्हिडिओ काढायचा होता. मोबाईलचा स्टँड आणि ‘स्मार्ट ऊर्जा कवच’ असं छापलेलं सोनेरी स्टिकर त्यांच्या पिशवीत होतं. खोलीत शिरताच त्यांनी सुरुवात केली, “नमस्कार मित्रांनो, आज आपण…”

“शेठ, आवाज कमी,” नाना दारातून म्हणाले. “पोरगी ऐकतीय.”

शेठ खाटेवर बसले. मी त्यांना एकवीस वर्षं ओळखते. इतका वेळ गप्प बसलेले त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

साडेनऊला लाईट गेली. स्क्रीन लगेच मंद झाली. दहाला थ्री फेज आली आणि टेबलाखाली टक् टक् सुरू झालं. मी स्क्रीनकडे बघत होते, उज्ज्वला डोळे मिटून ऐकत होती. स्क्रीन मंद ती मंदच राहिली. पेडल चालू होतं. दहा-चौदाला शेवटची टक् ऐकू आली. दहा-चोवीसला स्क्रीन हळूच उजळली. उज्ज्वलाने मानसुद्धा वर केली नाही. कामाची याहून मोठी पावती मला कोणी दिलेली नाही.

मग अकराला दहा कमी असताना लांबून एक आवाज आला आणि सगळंच गेलं. तार तुटली होती. नाना बाहेर जाऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले की आता दुपारपर्यंत लाईटचं नाव नको.

एक वाजायला दोन तास दहा मिनिटं होती. बॅटरी सत्त्याण्णव टक्के. हिशेबाने पुरायला हवी होती, पण माझे हिशेब कसे निघतात हे त्या आठवड्यात सगळ्यांनी पाहिलं होतं. बाराला त्रेपन्न टक्के. साडेबाराला एकतीस. उज्ज्वला आता डोळे उघडे ठेवून टाइप करत होती. शेठनी पंखा नसतानाही कुरकुर केली नाही, उलट व्हिडिओचा मोबाईल बंद करून खिशात ठेवला. पावणेएकला वीस. मी काहीच करू शकत नव्हते. सगळं करून झालं होतं. नाना उंबऱ्यावर बसून होते, जणू पाणी टोकाच्या सरीला पोचतंय का ते बघत होते.

एक वाजता सेशन संपलं. नऊ टक्के.

उज्ज्वलाने हेडफोन काढले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “झालं?” नानांनी विचारलं.

“झालं,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “ताई, लाईट कधी आली न् कधी गेली? मला कळलंच न्हाई.”

शेठनी स्टिकर पिशवीतच ठेवलं. परतताना जीपमध्ये म्हणाले, “नानांना दुकानात बोलवून शाल-श्रीफळ देऊ. त्यांचं कन्सल्टिंगच झालं ना हे.” हे मात्र मला मनापासून पटलं. मी दुसऱ्याच दिवशी नानांना फोनवर विचारलं. “शाली दोन पडल्यात घरात,” नाना म्हणाले. “नारळ दे पाठवून.”

त्यांना माझ्याकडून हवं होतं ते दुसरंच. तो कागद घेऊन ते रविवारी देवळापुढे गेले. वस्तीतल्या दोघांनी त्या वर्षी नवे पंप बसवले होते आणि आमचाही टायमर लावलाय असं शपथेवर सांगत होते. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले, यात आमचं नाव कुठाय? नाना म्हणाले, नाव नाही, पण पहिल्या मिनिटाला नंबर कोणाचाच नाही, मग हे दोन पंप कोणाचे? आता त्यांचे नंबर तेरावा आणि चौदावा आहेत. टेबलाखालची टक् टक् निम्म्यावर आली आहे. ज्या नोंदींनी मला तोंडघशी पाडलं त्यांचा एवढा चांगला उपयोग मी केला नसता.

उज्ज्वलाचा तिसरा खंड झालाच नाही. तिमाही संपली, पुढचीही संपली, आणि कंपनीने तिला कायमच्या यादीत घेतलं. ते पत्र तिने मला मोबाईलवर पाठवलं. खाली एवढंच लिहिलं होतं, “नानांना वाचून दाखवलं.”

ती सतरा ओळींची चिठ्ठी आता जुन्नर आणि आंबेगावच्या मळ्यांमधल्या बऱ्याच लॅपटॉपवर चालते. बिलावर शेठ काय लिहितात ते मी बघत नाही. खेड्यात ऑटोमेशन न्यायचं म्हणून मी गेले होते. तिथे ते आधीच होतं, आणि ते एकमेकांच्या अंगावर येऊ नये म्हणून बारा माणसांनी बसून केलेला नियमही होता. माझ्याकडे नुसतं यंत्र होतं.

म्हणून हल्ली मळ्यातलं गिऱ्हाईक आलं की मी लॅपटॉप कोणत्या कंपनीचा हे नंतर विचारते. आधी विचारते, डीपीवर पंप किती आणि तुमचा नंबर कितवा.